भाऊसोच्या झोपेच्या पुड्या

१२ फेब्रुवारी १९९६, सेलम

मालकाला सराफांकडून दर साली डायऱ्या येतात. त्यातली एक त्यानं मला दिली होती, ती कोरीच पडून होती. आजपासून लिहायची. सातवी नापासाचं अक्षर आहे, पण लागतं. ही वही एका माणसासाठी आहे. त्यानं काय काय केलं ते सगळं तारखेसकट लिहून ठेवणार आणि एक दिवस त्याच्यासमोर बसून मोठ्यानं वाचणार. मग त्याचं काय करायचं ते करणार.

नाव भाऊसो. आमच्याच गावचा. आधी उंब्रजला एका डॉक्टरकडं कंपाउंडर होता. डॉक्टर वारले, हा गावात आला आणि झोपेच्या पुड्या द्यायला लागला. नुसता झाडपाला म्हणतो. आई चार वर्षं रोज त्याची पुडी घेते.

आज विजयमालाचं पत्र आलं. विजयमाला माझी धाकटी बहीण. वडील, अण्णा, वारल्यापासून घरी ती आणि आई दोघीच. लिहिलंय, "आई चुलीपाशी बसल्या जागी झोपली. डावा हात विस्तवात गेला तरी तिला जाग आली नाही. मला वास आला म्हणून मी धावले. दोन बोटं लय भाजलीत. तू ये."

हात जळाला तरी जाग नाही. एवढी ओळ कितीदा वाचली मोजलं नाही.

धुळा माझ्याबरोबर सोनं गाळायच्या भट्टीवर असतो, आटपाडीकडचा. त्याला म्हटलं, जाऊन त्या भाऊसोला उभा जाळतो. तो म्हणाला, "जाळ की. आधी जेव. उपाशी मानसाचा नेम चुकतो गड्या."

जेवलो नाही.

१५ फेब्रुवारी, घरी

मिरजेला उतरलो, तिथनं विटा, तिथनं वडापच्या, शिटावर भाडं घेणाऱ्या जीपनं गाव. आई अंगणात उन्हाला बसली होती. हाताला फडकं. मला बघून म्हणाली, "आलास? जेवलास का?" आणि जरा वेळानं परत, "कवा आलास?" तिसऱ्यांदा विचारल्यावर मी आत जाऊन तोंड धुतलं.

बोलते ते शब्द ओढत. उठताना भिंत धरते. पन्नाशीची बाई, सत्तरीची वाटते. विजयमाला म्हणाली, "सांजचं लवकर पुडी घेती. न्हाई घेतली तर चिडती. सकाळी नऊपातूर हलवून उटवावं लागतं. गेल्या साली एक घ्यायची, आता दोन."

पुड्या पत्र्याच्या डब्यात आहेत. कागदाच्या घड्या एकसारख्या, कंपाउंडरच्या हाताच्या. एक उघडून जिभेवर ठेवली. कडू.

मी घर सोडलं एक्याण्णवच्या दसऱ्याला. कुणाला न सांगता गेलो होतो, सोळा वर्षांचा होतो, शेतात मन लागत नव्हतं. पहिलं पत्र टाकलं ते चौदा महिन्यांनी. तेव्हाची आई मला आठवते, पाण्याची दोन भांडी डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चालायची. माझ्या माघारी त्या माणसानं तिचं हे केलं.

१६ फेब्रुवारी

भाऊसोकडं गेलो. घराच्या पुढच्या सोप्यात बसला होता, पुढं खलबत्ता आणि मुळ्यांच्या पिशव्या. बायको राहीबाई चहा घेऊन आली. मी कपाला हात लावला नाही.

"नाथाजी न्हवं का रं तू? लय मोटा झालास. सोनं बिनं आणलंस का न्हाई?"

मी म्हटलं, "पुडीत काय घालतोस?"

"अश्वगंधा, जटामांसी. आनि जरा माझा हातगुण."

"आईचा हात भाजला."

"आयकलं. वाईट झालं. पर पुडीचा काय संबंद? झाडपाला हाय त्यो, पन्नास वर्सं घेतला तरी अपाय न्हाई. तुजी आय पयल्यांदा हितं आली, तवा काय म्हनाली ठाव हाय तुला?"

मी म्हटलं, "गप बस. तिचं नाव तुझ्या तोंडात नको."

तो मान हलवत मुळ्या निवडायला लागला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती यायला पाहिजे.

१८ फेब्रुवारी

आज केलं. आमचं काम गलाईचं. सराफाचं जुनं भेसळीचं सोनं, दुकानातला केरसुद्धा, जाळायचा, वितळवायचा आणि खरं तेवढं वेगळं काढायचं. आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं ह्याच कामावर देशभर पसरलीत. कुणी कितीही शपथा घेऊ दे, भट्टीत खोटं टिकत नाही.

काल विट्याहून काष्ठौषधीच्या दुकानातनं अश्वगंधा आणि जटामांसी आणली. आज लोहाराकडनं भाता मागितला आणि घरामागच्या परड्यात खड्डा करून भट्टी लावली. माझी दोन भांडी बरोबर होतीच, जाळात टिकणारी, सोनं वितळवायची. माझ्या काट्यावर दोन्हीकडं बरोबर सारखं वजन घेतलं, एकात दुकानचा झाडपाला, दुसऱ्यात भाऊसोच्या पुड्या.

झाडपाल्याची राख करडी झाली, फुंकल्यावर उडाली. पुड्यांचं तसं नाही. तळाला पांढरं बसलं. भाता मारून मारून हात दुखले तरी ते जळेना. चिमटीत घासलं तर पाटीवरच्या पेन्सिलीसारखं लागलं. झाडाला असलं काही नसतं. गोळीत असतं. हा गोळ्या कुटून घालतो.

विजयमालाला दाखवलं. ती म्हणाली, "मग आता?"

मी म्हटलं, "आता बघ तू."

१९ फेब्रुवारी

सगळ्या पुड्या उकिरड्यात टाकून वर शेणाची पाटी ओतली. चार तेवढ्या पुराव्याला ठेवल्या. आई दारात आली. "काय टाकतूयास?"

"तुझं विष."

"आरं मला आज लागंल की."

"आजपासनं बंद."

ती उकिरड्याकडं बघत म्हणाली, "तुला काय सांगायचं रं," आणि आत गेली.

औषध मी करणार. आमच्या आजीच्या वेळचं, सरळ, निसर्गाचं. दुधात एक जायफळ उगाळून द्यायचं, डोक्याला एरंडेल आणि काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे. आज अर्धा तास घासले. तेल काळंकुट्ट झालं. आईला दाखवलं, म्हटलं, बघ काय काय निघतंय अंगातनं. ती हसली, खूप दिवसांनी.

२० फेब्रुवारी

सकाळी दूध डेअरीवर सगळं गाव किटल्या घेऊन रांगेत असतं. भाऊसोही होता. मी त्या चार पुड्या खिशातनं काढल्या आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढं धरल्या.

"झाडपाला हाय न्हवं? मग खा."

रांग हलायची थांबली. माझा बेत असा होता की हा नाही म्हणणार, आणि मग सगळ्यांना कळणार. नाहीतर खाणार आणि तिथंच आडवा होणार. दोन्हीतलं काहीही चाललं असतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. एकेक पुडी उघडून जिभेवर टाकली, चारी. डेअरीच्या पिंपातलं पाणी प्याला, मिशी पुसली, आणि दुधाचं माप घेणाऱ्याला म्हणाला, "हं, आता माझं बघ, फॅट किती लागतंय."

दुपारपर्यंत मी त्याच्या घरासमोर बसून होतो. तो शेंगा फोडत बसला होता. मान डुलली नाही की साधी जांभई दिली नाही. आईला दोनमध्ये हात भाजलेला कळत नाही आणि हा चार खाऊन शेंगा फोडतो.

लोक हसले. एक जण म्हणाला, "नाथा, तुझं सोनंबी असंच तपासतोस व्हय रं?"

काहीतरी उतारा पिऊन आला असणार. दुसरं काय. पुड्या तर माझ्याच हातातल्या होत्या.

२१ फेब्रुवारी

आईला झोप नाही. दोन्ही रात्री डोळे टक्क उघडे. हात कापतात, घाम येतो, तोंड कोरडं पडतंय. भिंतीवर मुंग्यांची रांग दिसते म्हणाली. मी बघितलं, मुंगी नव्हती.

विजयमाला घाबरली. मी तिला समजावलं, की चार वर्षांचं आत साठलंय ते निघतंय. आम्ही सोनं शुद्ध करतो तेव्हा ते शेवटीच लय उसळतं. आज जायफळ दीड घातलं. पाय सकाळ-संध्याकाळ घासले. तेल काळं निघतंय तोवर घासणार.

मनातनं खरं तर बरं वाटतंय. तिचा प्रत्येक कापरा मी ह्या वहीत भाऊसोच्या नावावर लिहितोय.

२३ फेब्रुवारी, सांगली

सकाळी दहाच्या सुमाराला आई भाकरी थापायला बसली. एकदम ताठ झाली, डोळे वर गेले, दातखीळ बसली. सगळं अंग उडायला लागलं. विजयमालानं डोकं मांडीवर घेतलं. मी चमचा शोधत होतो तर चमचा समोर असून सापडेना.

वडापच्या जीपमध्ये माणसं बसलेली होती, ती आपणहून उतरली. वाटेत परत एक झटका. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात आणली. आता झोपलीय, सलाईन लावलंय. मी बाहेर बाकड्यावर आहे. ही मेली तर भाऊसो जगत नाही. हे इथं लिहून ठेवतो.

२४ फेब्रुवारी, सांगली

डॉक्टरीण बाईंचं नाव शकुंतला. वाईच्या आहेत. आवाज शांत, पण बोलल्या तेव्हा मान वर करता आली नाही.

"पुड्या कधी बंद केल्या?"

"सोमवारी. सगळ्या टाकल्या."

"एकदम?"

"विष होतं ते."

"असेल. पण चार वर्षं अंगाला त्याची सवय झालेली. ते एकदम काढून घेतलं की मेंदू असा उसळतो. झटका पुड्यांनी नाही आला, पुड्या तोडल्यानं आला. हळूहळू उतरवायच्या असतात. आणखी काय दिलंत?"

"जायफळ."

"किती?"

"एक. नंतर दीड."

"रोज? आख्खं?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "चिमूटभर असतं ते. एवढं पोटात गेलं की छाती धडधडते, भास होतात."

मी म्हटलं, "मॅडम, झाडाचंच आहे की ते."

"तो पुडीवाला काय म्हणतो?"

मग त्यांनी आईला विचारलं, झोप कधीपासून उडाली. आईला सालं आठवत नाहीत, म्हणून मीच सांगितलं, एक्याण्णवच्या दिवाळीपासून. त्यांनी विचारलं, "तुम्ही बाहेर कामाला कधी गेलात?" म्हटलं, त्याच साली, दसऱ्याला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं, आणि काहीतरी लिहून घेतलं. ह्याचा औषधाशी काय संबंध ते कळलं नाही.

शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळी कुठली आणि किती, हे मला माहीत नाही. मी अंदाजानं औषध देतेय. कमी पडलं तर परत झटका, जास्त झालं तर श्वास मंदावेल. तो माणूस सोडून हे कुणाला ठाऊक नाही. त्याला बोलतं करा. मारू नका, तुमच्या तोंडावर दिसतंय म्हणून सांगते. बोलतं करा."

२५ फेब्रुवारी, गावी

ज्याचा गळा धरायचा त्याच्यापुढं बसून विचारावं लागलं. हे त्यानं माझं आणखी एक केलं.

राहीबाईनं दार उघडलं. भाऊसो आत होता. मी उभ्यानंच सांगितलं, आईला झटके आले, दवाखान्यात आहे, डॉक्टर गोळीचं नाव विचारतात. नाव नाही दिलंस तर ती मरंल.

"एकदम तोडल्यास?"

"तोडल्या."

"आरं खुळ्या." हे तो हळू म्हणाला. "मला इचारायचं तरी. आनि पाय घासून तेल काळं काडत हुतास म्हनं. गलाईवाला ना रं तू? कासं तेलात काळं पडतं, ठाव न्हाई तुला?"

खरं आहे. ठाऊक होतं. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. माझे कान तापले. भिंतीला टेकवलेलं दांडकं होतं, तिकडं हात गेला. राहीबाई मधे आली नाही. नुसती म्हणाली, "आवं, सांगून टाका. बास झालं आता."

मग तो सांगायला लागला. सुरवातीला खरंच झाडपाला होता. कुणाला गुण यायचा, कुणाला नाही. ज्यांना नाही ते परत येत नव्हते. एकदा डॉक्टरच्या उरलेल्या गोळ्यांतली एक कुटून घातली. ती बाई तीन दिवसांनी पाया पडायला आली. "जलमात कुनी माझ्या पाया पडलं न्हवतं," म्हणाला. मग सगळ्यांच्यात घालायला लागला.

कोनाड्यातनं लाकडी पेटी काढली. गोळ्यांची पाकिटं, भरपूर. मी पेटीच उचलली.

तेव्हा तो उठला. माझ्या मागं दारापर्यंत आला. मी म्हटलं, आता काय?

"नाव काय ते एका पाकिटावर हायच की. एकच ने. बाकी ऱ्हाऊ दे."

"कशाला? आणखी कुणाला घालायला?"

राहीबाई चुलीकडनं म्हणाली, "त्येला सोताला लागत्यात. सा वर्सं झाली. दिसाला आट."

चार पुड्या खाऊन शेंगा का फोडत बसला, ते तेव्हा कळलं. त्याच्याकडं बघितलं. त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, पेटीवर होती. ज्या भीतीची मी दहा दिवस वाट बघत होतो ती आली होती. ह्या माणसाला मारायची गरज नाही. ही पेटी उचलून सेलमला निघून जायचं. चार दिवसांनी तोही भाकरीवर ताठ होईल.

चार दिवसांच्या बत्तीस गोळ्या मोजून ओट्यावर ठेवल्या आणि आलो. एवढ्यात नको. आधी आई.

२७ फेब्रुवारी, सांगली

नाव कळलं तसं औषध बसलं. आई आज मला एकदाच म्हणाली, कवा आलास.

शकुंतला मॅडमना सगळं सांगितलं. गावातले पुडी घेणारे आणखी सहा जण आहेत, त्यांच्यासाठी आरोग्य केंद्राला चिठ्ठी दिली. पोलिसांत तक्रार देणार का विचारलं. म्हटलं, नंतर. कोठडीत त्याला भाकर मिळेल आणि आडवं व्हायला जागा. मला ते पुरत नाही. हे शेवटचं बोललो नाही.

भाऊसोला आणा म्हणाल्या. मी म्हटलं, त्याला कशाला? म्हणाल्या, "तोही आता पेशंट आहे. नाही आणलात तर गावात दुसरा झटका बघाल."

२९ फेब्रुवारी, सांगली

आणला. जीपमध्ये तीन तास शेजारी, एक शब्द नाही. मॅडमनी तपासलं. दोघांनाही तोच उपाय, दहा आठवडे, दर आठवड्याला थोडं थोडं कमी. गोळ्यांचे तुकडे करून एवढं बारीक माप जमणार नाही, कुटून पिठीसाखरेत घोटून पुड्या कराव्या लागतील. मी सांगितलं, मी करतो. गुंजेच्या आठव्या भागापर्यंत तोलतो मी. दवाखान्यातल्या औषधवाल्यानं माझ्याकडनं दहा पुड्या करून घेतल्या, तपासल्या आणि म्हणाला, हा आमच्याकडंच ठेवा की. पहिल्या आठवड्याच्या दोघांच्याही पुड्या तिथंच करून तपासून दिल्या.

मॅडमनी आईला आणखी सांगितलं. संध्याकाळच्या जेवणानंतर मिश्री लावायची नाही, तंबाखूनंच निम्मी झोप जाते. दुपारी चारनंतर चहा नाही. दिवसा डोळा लागू द्यायचा नाही, रोज एकाच वेळी उठायचं, सकाळी उन्हात चालायचं. दूध घ्या, पाय घासा, त्यानं बरं वाटतं, पण त्याला औषध समजू नका. मिश्रीचं ऐकून आई जेवढी खचली तेवढी हात भाजूनही खचली नव्हती.

शेवटचं म्हणजे पुड्या भाऊसोच्या घरी ठेवायच्या नाहीत. तो एका दिवसात संपवेल. दुसऱ्या कुणीतरी रोज एक द्यायची, समोर घ्यायला लावायची. राहीबाईला विचारलं तर म्हणाली, मला त्यो आयकायचा न्हाई.

आई खाटेवरनं म्हणाली, "आमच्यात ठिवा की. विजू दील."

माझा शत्रू तिनं माझ्या हातात आणून दिला. तिला कळलंसुद्धा नाही.

४ मार्च, गावी

परवा आईला घरी आणलं. मालकाचा विट्याच्या फोनवर निरोप, नऊ तारखेला निघालंच पाहिजे. म्हणजे पुढच्या नऊ आठवड्यांच्या पुड्या आत्ताच करून ठेवायच्या.

आईच्या झाल्या. त्रेसष्ट. पांढऱ्या कागदात.

भाऊसोच्या निळ्या कागदात. पहिला आठवडा चालू आहे, तो तपासलेला, खरा. दुसऱ्यापासनं नुसती पिठीसाखर. तो कंपाउंडर आहे, जिभेला कळेल, म्हणून कडूपणाला काडेचिराईत कुटून घातलं. वजन बरोबर, घडी बरोबर. रोज संध्याकाळी येईल, विजयमालापुढं हात पसरेल, साखर खाईल आणि घरी जाईल. चौथ्यापाचव्या दिवशी जे व्हायचं ते होईल. तेव्हा मी सेलमला भट्टीपुढं असेन.

कुणालाही कळणार नाही. मॅडम म्हणतील, लपून घेत असेल, मग संपल्या असतील.

त्रेसष्ट केल्या. एकदाही हात चुकला नाही.

५ मार्च

भाऊसो संध्याकाळी येतो, उंबऱ्याबाहेर उभा राहतो. विजयमाला पुडी देते. आज शेजारची बाई बघून म्हणाली, "भाऊसो, तूबी पुडी घ्याया येतूस व्हय?" त्यानं मान खाली घातली. मी खाटेवर बसून बघत होतो. गोड लागलं.

राहीबाई मागनं आली. मला म्हणाली, "नाथा, तुजं उपकार हायत बाबा." मी म्हटलं, असू दे.

७ मार्च

आज सगळं बिघडलं.

आई आता बरीच सावरलीय. सकाळी ओढ्यापर्यंत चालून येते. झोप तीन-चार तास, पण स्वतःची. दुपारी शेंगदाणे निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, मी गेल्यावर पुड्या नीट बघत जा, पांढरी तुझी, निळी त्याची.

"ठाव हाय. आनि त्येला न्हाई भागलं तर माझ्यातली दीन."

"काय?"

"त्येचं आंग कापाया लागलं तर. मी बगत न्हाई बसनार. ते काय असतं मला ठाव हाय, तुला न्हाई."

"आई, तुझी दिलीस तर तुला कमी पडंल. परत झटका येईल. मॅडमनी काय सांगितलं?"

"एकानं काय हुतंय."

"त्यानं तुझा हात जाळलाय."

"हात माझा मी जाळला. त्यो काय माझ्या चुलीपाशी आला हुता?" मग सुपातले खडे काढत म्हणाली, "मी गेल्ते त्येच्याकडं. त्यो आला न्हवता. सा म्हैनं डोळ्याला डोळा न्हवता माझ्या. त्येनं झोपवली मला. खोटं असंल, पर झोपवली."

मी ओरडलो. शपथ घातली. ती बरं म्हणाली. तिचं बरं मला ठाऊक आहे, म्हणायचं बरं आणि करायचं आपल्याला हवं तेच. विजयमालाला बाजूला घेतलं, म्हटलं, पांढऱ्या पुड्यांना कुलूप लाव.

"लावीन. आनि आई समोर बसून मागाया लागली तर? तुला तरी जमंल का?"

"मग निळ्यांना हात लावू देऊ नको."

"त्येला कशाला लागतीया आणखी? तू बरोबर मापानं केल्यास न्हवं?"

मी कुलपाची किल्ली तिच्या हातात दिली. ती माझ्याकडं बघत राहिली. लहान होती तेव्हाही अशीच बघायची.

साखर खाऊन तो कापायला लागला की आईच्या पुड्या त्याच्या पोटात जाणार. मग आई. ह्यात चूक कुठं आहे ते दुपारपासनं शोधतोय, सापडत नाही. त्याला मारायचा एकच रस्ता आहे आणि तो हिच्या अंगावरनं जातो.

८ मार्च

उजाडताच बसलो. निळे कागद सगळे उघडले आणि साखर पाण्यात घालून म्हशीला पाजली. चिराईताच्या वासानं तिनं दोनदा तोंड फिरवलं.

त्याच्याच पेटीतल्या गोळ्या कुटल्या. मॅडमचा कागद समोर ठेवला. त्याची सवय मोठी, म्हणून त्याचं माप आईपेक्षा जास्त आणि दर आठवड्याची उतरण वेगळी, त्यामुळं काम दुप्पट. आईच्या पुड्या एकदा तोलल्या होत्या. ह्याच्या दोनदा तोलल्या. मला माझ्या हाताचा भरवसा वाटत नव्हता. चौथ्या आठवड्याची एक पुडी कमी भरली होती. मुद्दाम केलं की चुकून झालं मलाच सांगता येत नाही. उघडून परत भरली.

आयुष्यात एवढं बारीक काम कुणासाठी केलं नाही. ज्याच्यासाठी केलं त्याचं नाव लिहायला पेन उचलत नाही.

पोलिसांत तक्रार दिली जाईल. दहा आठवडे झाले की. विजयमालाला तारीख लिहून दिली. तोवर तो जगला पाहिजे, माझ्या आईसाठी.

संध्याकाळी तो आला. दुसऱ्या आठवड्याची पहिली पुडी. आज ती द्यायला आईच उठली, भिंत न धरता. त्याला आत बसायला सांगितलं, मधे पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाली, "बस. झोप लागती का काय?"

"न्हाई अक्का."

"मलाबी कुठं. हुईल."

दोघं बसले. ही वही वाचून दाखवायची होती ती खाटेवर माझ्या उशाखाली होती. त्यानं निळी पुडी उघडली, बराच वेळ हातात धरली. बोटाच्या टोकानं उगीच हलवून बघितली, त्याच्या जुन्या सवयीनं. मग मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं.

"माप बरोबर हाय न्हवं, नाथा?"

विजयमाला माझ्याकडं बघत होती. आई पाणी प्यायची थांबली.

मी म्हटलं, "हाय."

त्यानं पुडी जिभेवर टाकली. खरं बोललो होतो, आणि त्याचीच मला अजून आग होतेय.